हेझलसाठी

"फार वाईट झालं हो," माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "काही वय नव्हतं तिचं जाण्याचं." कोणाचं, ते मला क्षणभर उमगलंच नाही. रसेल नुकताच आमच्यासमोरून धावत गेला होता. त्याने मला पाहिलं नव्हतं, कारण मी ठरल्या जागी नव्हते. ठरलेली जागा घड्याळाच्या मनोऱ्यापाशी होती आणि तिथे वारा असा पोटात शिरत होता की टाक्यांवरची कातडी ताणल्यासारखी होत होती. म्हणून घडीची खुर्ची उचलून मी पुढे, बसायच्या निवाऱ्याच्या आडोशाला आले होते. तो गेला आणि त्याची पाठ आम्हा दोघींना दिसली. कर्करोगासाठी पैसे जमवणाऱ्या संस्थेचा जांभळा बनियन, पाठीवर पांढरा चौकोन, चौकोनात 'मी धावतोय' असं छापलेलं आणि त्याखाली जाड मार्करने, रसेलच्या त्या पुढे कललेल्या अक्षरात, 'हेझलसाठी'. त्याच्या मागून 'बाबांसाठी' गेली, 'आमच्या जोसाठी' गेली, 'नॅन, तुझ्यासाठी' लिहिलेल्या दोघी नाती हातात हात घालून गेल्या. सगळी मेलेली माणसं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या चौकोनात मेलेल्यांचीच नावं लिहायची असं कुठे छापलेलं नाही, पण आमच्या किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जिवंत माणसासाठी कोण धावतं? जिवंत माणसाकडे आपण जातो, किटली ठेवतो आणि समोर बसतो.

"ओळखत होतात का तुम्ही तिला?" बाईंनी विचारलं. आता सरळ सांगायचं, की अहो, मीच ती. पण त्यांचा चेहरा इतका मनापासून ओढलेला होता, डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि मी तोंड उघडलं असतं तर त्यांना त्या निवाऱ्यात लपायला जागा उरली नसती. आमच्याकडे समोरच्याला ओशाळं करण्यापेक्षा मेलेलं बरं असं मानतात. मी तेच केलं. "हो, थोडीफार," मी म्हटलं. "बहीण का तुम्ही तिची? त्याच्या देणग्या गोळा करायच्या पानावरच्या फोटोवरून वाटलं मला." "हो." "मोठी ना?" आता मोठी कशावरून? पण एकदा मेल्यावर वयाचा काय हट्ट धरायचा. "हो, मोठी," मी म्हटलं. त्यांनी माझा हात दाबला, आपलं नाव बेरिल असं सांगितलं, थर्मासमधून चहा ओतला आणि न विचारता त्यात दोन चमचे साखर घातली. दुःखात साखर लागते म्हणे.

मी कारखान्यात नाही, ऑफिसात नाही, गाडी चालवायला शिकवते. आमच्या मोरकम गावातल्या निम्म्या शिकाऊ पोरांना मी गोल चौकातून बाहेर काढलेलं आहे. माझ्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि इतकी वर्षं तो पायाखाली असल्यामुळे मला वाटायचं, की कुठलीही गोष्ट अगदीच हाताबाहेर जायला लागली तर पाय दाबायचा. जानेवारीत डॉक्टरांनी आतड्याच्या कर्करोगाचं निदान सांगितलं तेव्हा माझा उजवा पाय खरंच खुर्चीखाली दाबला गेला होता. रसेल शेजारी बसलेला. गाडीत म्हणाला, "मी काहीतरी करणार." मला वाटलं, जेवायला काहीतरी करणार. आठवड्याच्या आत त्याने या शर्यतीत नाव घातलं. ऑपरेशनच्या दिवशी सर्जनबाई पेन घेऊन आल्या, माझ्या पोटाच्या डावीकडे फुली मारली, म्हणाल्या, इथे आतड्याचं तोंड बाहेर काढू, इथे पिशवी बसेल, तुम्ही दोघं नीट बघून घ्या. तेवढ्यात रसेलला आठवलं की गाडीचं पार्किंग संपत आलंय. फुली वाळेपर्यंत तो आला नाही. नंतर वॉर्डात नर्सने विचारलं, "मिस्टरांना दाखवू का, पिशवी कशी बदलायची ते? पुष्कळांना बरं वाटतं, दोघांना येत असलं की." तो म्हणाला, "नको, मी उगाच मध्ये मध्ये होईन." नर्स हसली. मीही हसले. किती समजूतदार आहे म्हणून हसले, काय मूर्ख बाई मी!

बेरिल सांगत होत्या, "रेडिओवर ऐकलं ना मी त्याला. कांदा चिरत होते. डोळ्याला आधीच धार, त्यात हा बोलायला लागला. कांदा तसाच टाकला नि खुर्चीत बसले. काय बोलला हो! पिशवीचं-बिशवीचं सगळं सांगितलं बिचाऱ्याने, काही लाज नाही, लपवाछपवी नाही. आमचा केन असता तर मरेपर्यंत कुणाला कळू दिलं नसतं. दिलंच नाही. नवरा असावा तर असा." त्यांची मुलगी 'बाबांसाठी' लिहून धावत होती, तो केन. मी चहा प्याले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मी गोड चहा पीत बसले होते. तो रेडिओ मीही ऐकला होता, अंथरुणात, कारण त्याने जाताना आवाज वाढवून ठेवला होता. निवेदकाने विचारलं, घरी कसं चाललंय? आणि माझा नवरा, कार्पेटच्या दुकानात गिऱ्हाइकाशीही दबक्या आवाजात बोलणारा माणूस, साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "आता तिच्या पोटाला पिशवी असते. पण माझं तिच्यावरचं प्रेम तरीही तस्संच आहे." तरीही! या एका शब्दावर मी कितीतरी दिवस चरफडत पडले होते. पाऊस होता, तरीही आम्ही सहलीला गेलो. दूध नासलं होतं, तरीही आम्ही चहा केला. मी काय नासले होते? आणि सगळे म्हणत होते, काय हा माणूस! त्याची बहीण कॅरल केक घेऊन आली, पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "हेझल, तुझं नशीब बाई. आमच्या ह्यांनी माझ्यासाठी बसपर्यंतसुद्धा धाव घेतली नसती." दुकानात पैसे घेणारी पोरगी माझ्याशी बोलताना माझ्या कोटाच्या बटणांकडे बघायला लागली. माझ्या शिकाऊ पोरांच्या आया फोन करून डोकं एका बाजूला कलवून बोलायच्या. फोनवरसुद्धा कललेलं डोकं ऐकू येतं.

आणि घरात काय चाललं होतं? घरात तो पळत होता. सकाळी पळायला जायचा, दुपारी पळून आल्यावर बर्फाच्या पाण्यात बसायचा, संध्याकाळी फ्रीजमध्ये पास्त्याचे ट्रे, केळी आणि निळ्या रंगाच्या सरबताच्या बाटल्या लावायचा. मला दोन चमचे सूप उतरत नव्हतं आणि माझं दही ठेवायला त्या फ्रीजमध्ये कोपरा नव्हता. रात्री मागच्या खोलीत झोपायचा. "तुला धक्का लागायला नको," म्हणायचा. मी मध्येच उठून न्हाणीघरात जाऊन, आरशासमोर उभी राहून, नर्सने शिकवलेलं आठवत आठवत एकटी सगळं करायचे. पहिल्यांदा फजिती झाली तेव्हा चादरी मी गुडघ्यावर बसून टबमध्ये धुतल्या, वाकू नका असं सांगितलं होतं तरी. सकाळी त्याने वाळत असलेल्या चादरी पाहिल्या आणि तो बूट बांधून गेला. आणि त्याच आठवड्यात तो लंगडत आला, पलंगावर माझ्यासमोर पाय ठेवला, अंगठ्याला टपोरा फोड आलेला, आणि लहान पोरासारखं तोंड करून म्हणाला, "बघ ना गं, काय झालंय." मी बघितलं. मी सुई तापवली, फोड फोडला, मलम लावलं, पट्टी बांधली. माझ्या पोटातले टाके ओढत होते आणि मी त्याच्या अंगठ्यावर फुंकर घालत होते. त्याचा फोड बघायचा, माझं पोट नाही बघायचं! हे मी त्याला म्हटलं का? नाही म्हटलं. मी म्हटलं, "उद्या जरा जपून." ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण ज्याचं जळतं तोच गप्प बसला तर दुसऱ्याला कळणार तरी कुठून, असं म्हणणारे शहाणे पुष्कळ भेटतील. त्यांना माझं एवढंच उत्तर आहे की जळताना माणसाला पाणी मागायलाही धाप लागते, आणि जो शेजारी आहे त्याला धूर दिसायला हवा.

तो दुष्ट नाही. हे मला सारखं म्हणावं लागतं आणि म्हणावं लागतं याचाच राग येतो. गॅरेजमध्ये गाडीत बसून तो रडतो. मी वरच्या खिडकीतून पाहिलंय, काचा लावून, रेडिओ लावून रडतो. मग डोळे पुसून येतो आणि विचारतो, "काही आणू का?" आणायला तो केव्हाही तयार. वाटेल तिथून वाटेल ते आणील, फक्त बाहेर जायला मिळालं पाहिजे.

"तिला हे आवडलं नसतं," मी एकदम बेरिलना म्हणाले. मेलेल्या बाईची मोठी बहीण झाल्यामुळे मला एक मोकळीक आली होती. इतक्या महिन्यांत कुणी मला आभारी असायला सांगितलं नाही अशी ही पहिलीच घटका. "काय आवडलं नसतं?" "रेडिओवर सांगितलेलं. पिशवीचं. तो हॉस्पिटलातला फोटो लावला, तोही." बेरिलनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अहो बाई," त्या हळुवारपणे म्हणाल्या, "तिला आता काय त्याचं!" मग त्या माझ्या समाधानासाठी तिचे गुण सांगायला लागल्या. किती शूर होती, किती हसरी होती, किती सोसलं आणि एका शब्दाने कुणाला कळू दिलं नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध. त्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं. हे सगळं त्याने सांगितलेलं होतं. मी ऐकत राहिले आणि मला एकदम थंडगार कळलं की रसेलने धावायला लागल्यापासून जी हेझल सगळीकडे सांगितली ती ही मेलेलीच आहे. ती हसरी आहे, गप्प आहे, तिला वास येत नाही, तिच्या चादरी धुवाव्या लागत नाहीत. तिच्यासाठी एवढं अंतर धावता येतं. माझ्यासाठी जिन्यावरून न्हाणीघरापर्यंत यायचं होतं.

नेमकी त्याच वेळी पोटावर डावीकडे ऊब जाणवली. ही ऊब मी आता ओळखते. वाऱ्यात आकसलेली कातडी, त्यावर चिकटवलेली पिशवीची पट्टी, बराच वेळ वाकून बसणं. पट्टीची कड सुटली होती. मी कोटावरून हात दाबून धरला. पर्समध्ये बदलायचं सगळं सामान होतं, अपंगांसाठीच्या संडासाची नर्सने दिलेली मोठी किल्लीही होती, आणि तो संडास निवाऱ्यापासून लांब नव्हता. पण उठायचं, खुर्ची, पर्स, दाबलेला हात आणि समोर माणसांची भिंत. आणि तेव्हाच 'आला, आला, हेझलवाला आला' असं कुणीतरी ओरडलं. तो परत येत होता. चौकोन छातीला नसून पाठीला होता म्हणून बरं, समोरून फक्त रसेल होता, घामाने लालबुंद, पन्नाशी ओलांडलेला, माझा. मी उभी राहिले आणि शिकाऊ पोरांना ओरडते तशी ओरडले, "रसेल, थांब!"

त्याने पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. तो कठड्यापाशी आला, पण थांबला नाही; जागच्या जागी धावत राहिला, गुडघे वर खाली, वर खाली, थांबलं की पाय आखडतात म्हणून. "हेझल! तू इथे होय! मी मनोऱ्यापाशी शोधत होतो!"

"पट्टी सुटलीय," मी हळू म्हटलं. "माझ्याबरोबर चल."

"काय?"

"पिशवी गळतेय, रसेल. मला एकटीला जमायचं नाही. चल."

गुडघे वर खाली होतच होते. त्याने माझ्या कोटावरच्या हाताकडे पाहिलं आणि नजर झटकन वर, माझ्या कपाळावर नेली. "आत्ता? अगं, एवढंसंच राहिलंय. तो बघ, कमान दिसतेय. शेवटाला स्टेजवर बोलावणार आहेत तुला, माहीत आहे ना? तू मेडल घालायचंस."

"मी नको म्हटलं होतं."

"अगं, तू 'बघू' म्हणालीस. जमेल तुला, तू शूर आहेस!" असं म्हणून त्याने माझ्या गालावर ओले ओठ टेकले आणि गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने फोटोही काढला.

मी वळले तेव्हा बेरिल थर्मासचं झाकण हातात धरून तशाच उभ्या होत्या. "तुम्ही..." त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे तुम्ही त्या."

"मीच ती."

"अगंबाई, आणि मी मघापासून... माफ करा हं. खरंच माफ करा." मी जिवंत आहे याबद्दल त्या माझी माफी मागत होत्या. मला हसू आलं असतं, पण हसलं की पोट दुखतं. मग त्यांनी माझ्या कोटाकडे पाहिलं, रसेल गेला त्या दिशेला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "गेला?" त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत, आणि तो गेला?" या संबंध वर्षात माझ्या बाजूने कुणी रागावलं असेल तर ती ही परकी म्हातारी, आणि तिला रागावलेलं पाहून माझ्या डोळ्यांना पहिल्यांदा पाणी आलं. तिने माझी खुर्ची काखेत मारली. "सरका हो," ती लोकांना म्हणाली, "बाईंना बरं नाही, सरका. काय बघता, धावणारे तिकडेत." दाराशी आल्यावर म्हणाली, "मला रक्ताबिक्ताचं जमत नाही, पोरी, मी चक्कर येऊन पडेन नि तुला दोघींचं बघावं लागेल. पण मी दारात उभी राहते. कुणाला आत सोडत नाही."

आत पांढरा उजेड, हात वाळवायचं यंत्र, मदतीला बोलवायला ओढायची लाल दोरी. कोट काढला, ब्लाउज वर करून कपड्यांच्या चिमट्याने छातीशी अडकवला, जुनी पट्टी सोलून काढली, कोमट पाण्याने पुसलं. आतड्याच्या त्या तोंडाला नर्सेस गुलाबाची कळी म्हणतात. मला तो सोललेल्या टोमॅटोचा शेंडा वाटतो, लाल, ओला, आपल्या नादात हलणारा. त्याला कुणी शूर म्हटलेलं नाही. त्याला रेडिओ ठाऊक नाही. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडे बघू शकले नव्हते, बेसिनला धरून उभी होते. दुसऱ्या दिवशी बघितलं, कारण बघण्यावाचून दुसरं कुणी नव्हतं. आता मला त्याची शिसारी येत नाही. त्याच्यामुळे मी आहे. बाहेर लाउडस्पीकरवर कुणीतरी उत्साहाने बोलत होतं आणि मग माझं नाव ऐकू आलं, हेझल कुठे आहे, हेझलला वाट करून द्या, आणि टाळ्या. मी कापसाने कातडी कोरडी करत होते. घाई केली तर पट्टी बसत नाही.

मग दारात बेरिलचा आवाज आला. "आत काम चाललंय."

"मी तिचा नवरा आहे."

"ठाऊक आहे मला. रेडिओवर ऐकलंय."

"हेझल? आहेस का आत? सगळे थांबलेत गं!"

"येऊ द्या त्याला, बेरिल," मी म्हटलं.

दार अर्धं उघडलं. खांद्यावर धावून आलेल्यांना देतात ती चंदेरी कागदाची शाल, हातात मेडल, गळ्यात घातलेलं नाही. माझ्या हातून घालून घ्यायचं म्हणून त्याने ते तसंच आणलं होतं. मी वळले नाही, झाकलं नाही, चिमटा काढला नाही. त्याची नजर हात वाळवायच्या यंत्रावर जाऊन बसली.

"बरं आहे ना सगळं?" त्याने यंत्राला विचारलं.

"इकडे बघ."

"बघतोय की."

"कुठे बघतोयस?"

चंदेरी कागद खसखसत होता, कारण तो थरथरत होता; थकल्यामुळे असेल. "मला जमत नाही गं, हेझल," तो म्हणाला, आणि हा त्याचा आवाज मी महिनोन् महिने ऐकला नव्हता, हा रेडिओवरचा नव्हता. "मी खूपदा ठरवलं. तुझ्या न्हाणीघराच्या दारापर्यंत येऊन परत गेलोय. मला भीती वाटते."

"मलाही वाटत होती," मी म्हटलं. "तुला जमेल का, असं मला कुणी विचारलं नाही. मला परत जायला दुसरी खोली नव्हती. तू साऱ्या गावाला सांगितलंस, रसेल, रेडिओला सांगितलंस, जे तू स्वतः एकदाही पाहिलेलं नाहीस. कुठल्या तोंडाने सांगितलंस?"

बाहेर पुन्हा आमची दोघांची नावं पुकारली गेली, आणि त्याची मान, सवयीने, त्या दिशेला वळली. मी नवी पट्टी हातात घेतली. ती हाताच्या उबेने थोडी मऊ करावी लागते, मगच नीट चिकटते.

"दार लाव," मी म्हटलं. "वारा येतोय."

त्याने मान हलवली. सुटल्यासारखा एक पाय मागे घेतला आणि बाहेर होत दार हळूच ओढायला लागला.

"आतून," मी म्हटलं.